गाडीवानाला पाडलं, त्याची हकिकत

माझ्या हयातीत मी जितके पाय हातात घेतले, तितके एखाद्या मठातल्या शिष्यानंही घेतले नसतील. फरक इतकाच की शिष्याला आशीर्वाद मिळतो आणि मला लाथा मिळाल्या. मी नालबंद. अकोल्यात मोर्णेच्या काठाला जो गाडीतळ होता, तिथे आमची भट्टी होती. आधी वडील बसायचे, त्यांच्यामागे मी बसलो. बैलांच्या आणि घोड्यांच्या पायांना लोखंड ठोकून आम्ही चार पोरांची लग्नं केली.

दिवाळीच्या अंकासाठी धंद्यातलं काही लिहा, असा संपादकांचा निरोप आला तेव्हा घरात हशा पिकला. बैलाच्या खुरात वाचण्यासारखं काय असतं, असं सूनबाईंनी विचारलं. काही नसतं, हे मलाही मान्य आहे. म्हणून मी एका माणसाच्या पायाबद्दल लिहिणार आहे. माणसाचा पाय मी धंद्याच्या रीतीनं एकदाच हातात घेतला, आणि त्या दिवशी मी माझा धंदा नीट शिकलो असं मला वाटतं.

तो कापसाचा काळ होता. अमेरिकेत लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता, एवढंच आम्हाला कळलं होतं. कोण कोणाशी लढतंय हे गाडीतळावर एकालाही ठाऊक नव्हतं, पण ती लढाई एवढ्यात मिटू नये असं मात्र सगळ्यांना वाटायचं. वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. आगगाडी अजून आमच्याकडे पोचायची होती. अमरावतीकडची रुई बैलगाड्यांत भरून अकोल्यावरून पश्चिमेला जायची, आणि रूळ जिथवर आले असतील तिथे उतरायची. दिवाळीनंतर जी गाड्यांची रांग लागे ती उन्हाळा संपेस्तोवर तुटत नसे. धुळीनं माणसं आणि बैल एकाच रंगाचे दिसायचे.

आता धंद्याचं थोडं सांगतो. आमच्या काळ्या मातीत बैलाला पत्री, म्हणजे बैलाचा नाल, लागत नाही. सडकेवर मात्र खडी असते, आणि ती खूर खाते. बैलाचा खूर दुभंगलेला, त्यामुळे घोड्यासारखा एक नाल त्याला चालत नाही, एका पायाला दोन पत्र्या लागतात. उभ्या बैलाला पत्री मारणं म्हणजे स्वतःच्या दातांशी वैर. म्हणून पायांत दोर गुंतवून त्याला अलगद आडवा करतात. याला आम्ही बैल पाडणं म्हणतो. मग चारी पाय बांधून दोन काठ्यांच्या कैचीवर टेकवायचे, वाकड्या सुरीनं खूर तासायचा, पत्री बसवायची आणि खिळे ठोकायचे. खिळा कडेकडेनं गेला तर बैलाला पत्ता लागत नाही. थोडा आत गेला तर बैल लंगडतो आणि गाडीवान तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

वडिलांचा एक नियम होता. पाडलेल्या बैलाच्या डोक्याशी त्याच्या ओळखीचं माणूस बसलंच पाहिजे. एक हात डोळ्यावर ठेवायचा आणि तोंडानं काहीबाही बोलत राहायचं. त्याशिवाय वडील सुरी हातात घेत नसत. आवळून बांधलेला बैलसुद्धा भीतीनं मान आपटून घेतो, पण डोळ्यावर घरचा हात असला की निपचित पडून राहतो.

गिऱ्हाइकं मात्र बैलांपेक्षा अवघड. चांदूरकडचे एक पाटील कापसाच्या पैशानं इतके खूश झाले की बैलांना चांदीच्या पत्र्या मार म्हणाले. एक गाल लिंबाएवढा सुजलेला, त्यावर हळदीचा लेप आणि फडकं बांधलेलं. मी म्हटलं, पाटील, चांदी मऊ असते, मोर्णा ओलांडेपर्यंत झिजून जाईल. ते हिरमुसले. मग बैलाचा जबडा उघडून त्याचे दात मला कौतुकानं दाखवू लागले. मी विचारलं, "बैलाचे दात पाह्यले पाटील, तुमच्या दाढेचं काय?" तर म्हणाले, "सुगी होऊन जाऊ दे गा. सुगीत दाढ कोन पायते?" शेवटी चांदी शिंगांच्या टोकांवरच्या शेंब्यांना लागली. दाढ पुढच्या सुगीतही तशीच होती.

दुसरे अमरावतीच्या बाजारातले एक दलाल. त्या बाजारात सौदा तोंडानं होत नसे. दोघांनी एका रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचा, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. या गृहस्थांनी भावाच्या तेजीत सकाळी रुमालाखाली घातलेला हात दिवेलागणीलाच बाहेर यायचा. हात काढला तर सौदा गेला, म्हणून लघवीलाही जायचे नाहीत. एकदा कामानिमित्त अकोल्याला आले ते घोड्यावर न बसता, रिकिबीत उभे राहून. मुतखडा झाला होता. तशाही अवस्थेत त्यांनी मला बजावलं, की घोड्याला वेळच्या वेळी पाणी दाखवा हो, त्याला सोसत नाही.

अशा लोकांना मी हसायचो. हसताना माझी स्वतःची कंबर धनुष्यासारखी वाकत चालली होती, तिकडे माझं लक्ष नव्हतं.

आता सोनाजीकडे येतो. सोनाजी बार्शीटाकळीचा गाडीवान. घरची थोडी शेती, ती भाऊ पाहायचा, आणि हा भाड्यानं गाडी हाकायचा. चांद्या आणि शिलेदार अशी त्याची जोडी होती. चांद्याच्या कपाळावर पांढरा ठिपका, आणि शिलेदार नावाप्रमाणे अकडबाज. सोनाजी हसरा गडी. गाडीतळावर त्याचा आवाज आधी यायचा आणि गाडी नंतर. गाडीत कधी बसायचा नाही. ओझं रुईचं असतंच, त्यात आपली भर कशाला, म्हणून बैलांच्या बरोबरीनं पायी चालायचा.

त्या साली संक्रांतीच्या सुमाराला त्यांच्या गावात पटकीची साथ आली आणि त्याची मुलगी गेली. सात-आठ वर्षांची होती. एकुलती एक. हे मला दुसऱ्या गाडीवानाकडून कळलं. सोनाजी तर तिला मूठमाती देऊन तिसऱ्या-चौथ्या दिवशी सडकेवर हजर होता. मी त्याला म्हटलं, घरी थांबायचं होतंस. तो म्हणाला, "थांबून काय करू करीमभाऊ? हंगाम थांबते का?" मी खाली वाकून चांद्याची पत्री किती झिजली ते पाहिलं.

त्यानंतर त्याचा आवाज बंद झाला. बैलांशी बोलायचा तेवढंच. घर पाच-सहा कोसांवर, पण मधल्या मुक्कामाला तो गावी जायचा नाही, गाडीतळावरच गाडीखाली अंग टाकायचा. बैलांची बडदास्त मात्र दुप्पट झाली. चांद्याला सरकी, शिलेदाराला गूळ, दोघांच्या खांद्यांना तेल. स्वतः मात्र कालची भाकर मिरचीच्या ठेच्याबरोबर खायचा, तीही उभ्यानं.

शिमगा झाला आणि एक दिवस तो तळावर शिरताना माझं लक्ष गेलं. बैल तपासायचा तो येताना तपासायचा, ही आमच्या धंद्यातली सवय. उभा राहिला की लंगडा बैलही शहाण्यासारखा उभा राहतो, चालताना मात्र त्याला लपवता येत नाही. मी नेहमीप्रमाणे आठ पाय पाहिले, ते ठीक होते. मग नववा आणि दहावा दिसला. सोनाजी डावी टाच टेकतच नव्हता.

"काय झालं रे पायाला?"

"काई नाई. बाभळीचा काटा गेला असंन. आपसूक निंघते."

"कधी गेला?"

"काय मालूम. बिब्ब्याचा चटका देल्ला हाये."

त्याची टाच मी जबरदस्तीनं पाहिली. काटा आत मोडला होता, वर बिब्ब्यानं कातडी जळून कडक झाली होती आणि खाली पू धरला होता. घोट्यापर्यंत सूज होती. बैलाचा खूर असा झाला तर मी त्याला सडकेवर एक पाऊल टाकू दिलं नसतं. विष वर चढलं की पाय जातो, कधी जीवही जातो, हे मी जनावरांत पाहिलं होतं. म्हटलं, बस इथे, आत्ता काढतो. सोनाजीनं पाय ओढून घेतला. मी बैलांच्या पत्र्या पाहून घेतो म्हणालो तर तासभर बसला, पण स्वतःच्या पायासाठी त्याला वेळ नव्हता. वैद्याकडेही गेला नाही. दोन खेपा तशाच झाल्या. दर खेपेला सूज थोडी वर, आणि दर खेपेला त्याचं उत्तर तेच, की ही खेप होऊ दे.

तिसऱ्या खेपेला त्याची बायको आली. गिरजाबाई एका शेजाऱ्याच्या गाडीतून बार्शीटाकळीहून थेट गाडीतळावर उतरली. गाडीतळ म्हणजे सगळा बाप्यांचा कारभार. तिथे घरंदाज बाई अशी एकटी येत नसे. हातात भाकरीचं फडकं होतं. सोनाजी गाडीमागे बैल सोडत होता. त्यानं तिला पाहिलं आणि बैलाआड झाला.

ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "करीमभाऊ, तुमी बैलायचे पाय पायता न? मंग यायचा पाय पाहा."

"वहिनी, मी दोनदा म्हटलं. तो ऐकत नाही."

"मले तर हातबी लावू देत नाईत. घरी येतच नाईत. पोरगी गेली तवापासून माह्याशी शब्द नाई बोलले." ती हे मोठ्यानं बोलत होती. तळावरचे गाडीवान इकडेतिकडे पाहू लागले. "बैल बोलत नाई तर बाप्पा त्याच्या खुरापासून शिंगापर्यंत पायतेत लोकं. यायले जबान देल्ली देवानं, तं हे मुके झाले."

सोनाजी बैलाआडून म्हणाला, "काहून आली तू इथं? जाय घरी."

गिरजाबाईनं त्याच्याकडे पाहिलंच नाही. मला म्हणाली, "पाडा यायले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"बैलावानी पाडा. माणसावानी आयकत नाईत तं काय करता?"

तळावर एक जण खो खो हसला. त्या हसण्यानं सगळ्यांची भीड मोडली. चार गडी पुढे आले. सोनाजी लंगडत पळायला लागला, पण डाव्या टाचेनं दगा दिला. माझ्याच दोरानं, बैलाच्या पायांत घालतात तशीच गाठ घालून, आम्ही त्याला आडवा केला. अलगद, कारण हात सवयीचे होते. खाली कडबा टाकला. दोन्ही पाय कैचीवर बांधले. सोनाजीनं आम्हाला ज्या शिव्या दिल्या त्या या अंकात छापता येणार नाहीत, पण माझ्या धंद्याला शिव्यांचं काय कौतुक. गाडीवानांनी त्याचे हात धरले होते आणि एक जण विचारत होता, "पत्री एक मारू का दोन?" सगळा तमाशा चालला होता. शिलेदारही रवंथ सोडून पाहत होता.

मी सुरी भट्टीत तापवून गार केली आणि सवयीनं म्हणून गेलो, "डोक्याशी ओळखीचं माणूस बसवा."

बोलून गेलो आणि जीभ चावली. कारण ओळखीचं माणूस म्हणजे कोण, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. त्या काळी नवरा-बायको चारचौघांत एकमेकांचं नाव घेत नसत, मग हात लावणं तर दूरच. गिरजाबाई क्षणभर थांबली. मग तिनं भाकरीचं फडकं बाजूला ठेवलं, पदर डोक्यावरून पुढे ओढला, आणि त्याच्या डोक्याशी कडब्यावर बसून आपला हात त्याच्या डोळ्यांवर ठेवला. बैलाला म्हणतात तसं, हळू आवाजात, "हो बाबा, हो, झालंच आता," म्हणू लागली.

गाडीवानांचं हसू तिथेच थांबलं. मी खाली मान घालून टाचेवरची जळकी कातडी तासायला घेतली.

सोनाजी शिव्या द्यायचा थांबला होता. मी सुरी थोडी आत घातली, पू वाहू लागला, काट्याचं टोक दिसलं. तेवढ्यात त्याचं सगळं अंग हादरायला लागलं आणि गळ्यातून असा आवाज आला की मी घाबरलो. वाटलं, सुरी जिवाला लागली. मी हात काढून घेतला.

"थांबू नोका," गिरजाबाई म्हणाली. तिच्या बोटांखालून पाणी वाहत होतं, आणि तिच्या स्वतःच्या गालांवरूनही. "सुरीचं नाई ते. तुमी काटा काढा."

तेव्हा मला उमगलं. गडी इतके महिने रडला नव्हता. त्याला रडायला कोणी मनाई केली नव्हती, पण पायांत दोर घालून, डोळे झाकून, धरून ठेवल्याशिवाय ते त्याला जमणार नव्हतं. आणि तेव्हाही दुखतंय म्हणून ओरडतोय, असं म्हणायला त्याला टाचेची सोय होती. मी काटा काढायला पाहिजे होता त्याहून जास्त वेळ लावला. चिमट्यात सापडलेलं टोक दोनदा मुद्दाम सोडलं. काटा निघाला तेव्हा मी कढत पाण्यानं पाय धूत बसलो. ज्या गाडीवानानं पत्रीची थट्टा केली होती तो कोणी न सांगता सोनाजीचे बैल पाण्यावर घेऊन गेला.

दोर सोडल्यावर सोनाजी उठून बसला आणि कोणाकडेही न पाहता म्हणाला, "भाकर आनली न?" दोघं गाडीच्या सावलीला बसले. आज तो बसून जेवत होता.

मी त्याला औषध सांगितलं. रोज तिन्हीसांजेला टाच कढत पाण्यात शेकायची, वर हळद-तेल चोळायचं. आणि हे काम आपल्या हातानं करायचं नाही, कारण टाच आपल्याला नीट दिसत नाही, दुसऱ्यानं करायचं. यातलं पहिलं मी वडिलांकडून शिकलो होतो. दुसरं माझ्या मनाचं. पण मुक्काम पडला की तो गावी जाऊ लागला.

पाय महिन्याभरात खणखणीत झाला. तरी उन्हाळ्याच्या शेवटी, खेपा थांबायच्या आधी, तो एकदा येऊन पाटावर बसला आणि म्हणाला, "करीमभाऊ, टाच पाहा बरं. काई सलून राह्यलं." मी पाय मांडीवर घेतला. टाचेत काहीसुद्धा नव्हतं. तरी मी दाबून दाबून पाहिली, कडेची जाड कातडी तासली, आणि गंभीर चेहरा करून सांगितलं की शेकणं इतक्यात सोडू नकोस. त्यानंही तितक्याच गंभीरपणे मान हलवली. आम्ही दोघंही पक्के लबाड होतो.

पावसाळ्यात नालबंदाला काम नसतं. गाड्या चिखलात रुतून बसतात आणि आम्ही माश्या मारत बसतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी एक गाडी बार्शीटाकळीला जाऊन दुपारी परत निघायची होती, तिच्यात मी बसलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. सालभर जू ओढलेला खांदा, त्याला हळद-लोणी लावून कढत पाण्यात बुडवलेल्या पळसाच्या पानांनी शेक द्यायचा आणि बैलाला दुसऱ्या दिवसाच्या जेवणाचं बोलावणं करायचं, अशी रीत आहे.

सोनाजीच्या अंगणात मी पोचलो तेव्हा हेच चाललं होतं. मला त्यांनी "या" म्हटलं, बसायला घोंगडी टाकली. सोनाजीनं चांद्याची मान धरली होती आणि गिरजाबाई खांदा शेकत होती. शेकून झाल्यावर तिनं चांद्याला सांगितलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग शिलेदाराला. पाणी उरलं होतं. सोनाजी ओट्यावर बसला आणि त्यानं डावा पाय पुढे केला. बऱ्या झालेल्या टाचेवर ती तीच पानं धरून शेक देऊ लागली.

थोड्या वेळानं, टाचेकडे पाहत, सोनाजी म्हणाला, "चांद्याले आवतन तं कौतिका द्याची."

गिरजाबाईचा हात थांबला. मुलीचं नाव कौतिका होतं, हे मला तेव्हा कळलं. त्या घरात ते संक्रांतीनंतर पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं, हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"कानात द्याची," ती म्हणाली. "शिलेदाराले आयकू जाऊ नाई म्हनून."

"मंग शिलेदार रुसाचा."

"तो काय रुसाचा. तुमीच त्याले सांगाचे, रूस म्हनून."

सोनाजी हसला. हसता हसता त्याचे डोळे भरले आणि या वेळी त्यानं ते तसेच उघडे ठेवले. मग दोघं बोलायला लागले. कौतिका कशी चांद्याच्या पाठीवर बसायची, कशी एकदा खाली पडली आणि चांद्याला मार बसू नये म्हणून त्यानं पाडलं हे सांगितलंच नाही, असं काहीबाही. पाणी गार झालं तरी तिच्या हातात पानं तशीच होती.

वऱ्हाडात दारी आलेल्या माणसाला गुळाचा खडा आणि पाणी दिल्याशिवाय कोणी जाऊ देत नाही. पोळ्याच्या सणाला तर नाहीच नाही. त्या दोघांनी मला पाणीसुद्धा विचारलं नाही. मी उठलो, जोडे घातले, बैलांच्या मागून अंगणाबाहेर आलो, ते त्यांना दिसलंही नाही. परतीच्या गाडीत माझ्या पोटात कावळे ओरडत होते, आणि गाडीवान म्हणाला, तुमचा पाहुणचार फारच जोरदार झालेला दिसतो, तुमी सारखं गाणं म्हणून राह्यले.